मानेवरचा हात

दिवा मालवू नकोस रे, राहू दे. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीवर गुदरलेली आहे.

गेल्या वर्षीचा सतरा नोव्हेंबर. रात्रीचे अकराला दहा कमी. ती शिवणकाम करते. वरच्या खोलीत मशीन, खाली बिऱ्हाड. सकाळी गिऱ्हाईक येणार, म्हणून शिवून ठेवलेले पडदे खाली आणायला ती वर गेली. एवढंच काम.

नवरा जाऊन अकरा महिने झाले होते. माणूस कसला, कसाई! मानगूट धरून तिचं डोकं भिंतीवर आपटायचा. तो गेला आणि हिला चक्कर सुरू झाली. जिन्यात तर हमखास. सोबत राहणारी सासू म्हणायची, "नाटकं नुसती!" डॉक्टरीणबाईंनी मात्र कान तपासले, अर्धा तास बोलत बसल्या. म्हणाल्या, "कान ठणठणीत आहेत. पण चक्कर खोटी नाही हो, ताई. मनात भीती बसलीय. भीती वाटली की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते. चक्कर आली की कठडा धरा, पाय टेकलेत का ते बघा."

तर ती पडदे घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली. भिंत फिरू लागली. तिने कठडा धरला. पायांकडे पाहिलं.

पाय घट्ट टेकलेले होते. तोल गेलाच नव्हता.

तिला कोणीतरी हलवत होतं...

"मग, मामा?"

मानेवर हात. गार. तीच पकड. डोकं भिंतीवर आदळलं. एकदा. पुन्हा. कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलं. इतकी वर्षं तिने मुकाट सोसलं होतं. त्या रात्री नाही.

"मेलास ना रे तू!" ती किंचाळली. गर्रकन वळली. कोपर हाणलं. काहीतरी कडकन मोडलं. मग दोन्ही हातांनी जिन्याकडे ढकललं... समोर कोणीच दिसत नव्हतं. पण धाड धाड करत काहीतरी खाली गेलं. पार शेवटच्या पायरीपर्यंत.

मग... काही नाही.

खालून सासूने दार उघडलं. "कोण पडलं गं?"

ती वरच उभी होती. भिंत जागच्या जागी.

फोन आला तसा मी तासाभरात पोचलो. तिच्या कपाळाला सात टाके पडले. लोक म्हणाले, स्वतःच आपटून घेतलं असेल. म्हणू देत. डॉक्टरीणबाईंकडे ती अजून जाते. जिना मात्र न थांबता चढते.

त्या रात्री शेवटच्या पायरीवर एक दाढ पडली होती. मुळासकट. बहिणीचे दात मी स्वतः मोजले, सगळे जागेवर. सासूचं तोंड तर केव्हाच बोळकं...

दाढ अजून ओली होती.