घशात राहिलेलं वाक्य

सकाळी आठ वाजता इनामदार स्वतः किटली घेऊन फिरायचे. कोल्हापूरजवळच्या त्या फाउंड्रीचे ते वर्क्स मॅनेजर. वर्षभरापूर्वी त्यांच्या केबिनचं दार ढकलायचं तर भले भले आधी घाम पुसायचे. आता केबिनच नव्हती. तिथे सगळ्यांचं जेवणाचं टेबल मांडलं होतं.

त्या दिवशी चहा वाटून होतोय तोच भिंतीवरच्या फलकावर ओळ उमटली : ‘साखर लई झाली.’

सगळे हसले. इनामदारही हसले. “उद्या कमी घालतो,” ते म्हणाले. ओळ कुणाची हे कुणी विचारलं नाही, आणि विचारून कळलंही नसतं.

ही करामत कंठपट्टीची. माणूस बोलायचं ठरवतो आणि ऐनवेळी गप्प बसतो, तेव्हाही गळ्याचे स्नायू इवलेसे हलतातच. सगळ्यांच्या, इनामदारांच्याही, गळ्याला चिकटवलेली बोटभर पट्टी ती हालचाल वाचते आणि गिळलेलं वाक्य, नाव न लावता, फलकावर टाकते. मनातलं सगळं तिला कळत नाही, बरं का. जे सांगायला निघालं आणि परत फिरलं, तेवढंच कळतं.

पट्टी आणली इनामदारांनीच, दोन नंबरची भट्टी फुटून तिच्यावरचा कामगार सुभान मुजावर गेला त्यानंतर. मालकांना ते म्हणाले होते, “माणसं मला घाबरतात, म्हणून मला काही कळत नाही. हे मी मोडणार.” आणि मोडलंही. साहेबांचा वेगळा कप गेला. ‘विचारलं तेवढंच सांग’ हे त्यांचं पेटंट वाक्य गेलं. लोक म्हणाले, चार दिवसांचं कौतुक. पण ते ढोंग नव्हतं, माणूस खरंच बदलला होता. हळूहळू लोक तोंडाने बोलू लागले. फलक आठवडा आठवडा कोरा राहायचा, फार तर साखरेची तक्रार.

चहा संपल्यावर रेश्मा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. सुभानची बायको. तो गेल्यावर ती इथेच साच्यांसाठी वाळूचे गाभे बनवायच्या कामाला लागली होती.

“साहेब, एक मागायचंय.”

“साहेब नका म्हणू, वहिनी. बोला.”

“ते गेले त्या दिवशी त्यांच्या गळ्यालाबी पट्टी होती न्हवं? धुळीतला श्वास मोजायची?”

“होती. कंपनीनेच लावली होती. पण तेव्हा तिच्यातून फक्त श्वास मोजायचे, गळ्याची बाकी हालचाल नुसती साठत राहायची.”

“नोंद अजून हाय म्हणत्यात. आता ती वाचता येती म्हणं.” तिने पदर सारखा केला. “शेवटी काय म्हणायचं होतं त्यांना, तेवढं कळू दे. माझं नाव नसलं तरी चालंल.”

इनामदारांनी दुपारी जुनी नोंद काढली आणि एकट्यानेच वाचली.

‘साहेब, अस्तर गेलंय. काटा चढतोय.’ अकरा वाजून पाच. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. भट्टीच्या आतलं अस्तर झिजलं की भट्टी जास्त वीज खेचते आणि मीटरचा काटा चढतो. वितळलेलं लोखंड बाहेरच्या पाण्याच्या नळ्यांना भिडलं की सगळं संपतं. सुभानला ते कळलं होतं. सात वेळा त्याने तेच वाक्य गिळलं होतं. का गिळलं, ते इनामदारांना नोंदीत शोधावं लागलं नाही. अकराला सुभान जवळ आला होता, “साहेब, जरा…” एवढंच म्हणाला होता. आणि ते म्हणाले होते, “विचारलं तेवढंच सांग.”

सगळ्यात शेवटची ओळ वेगळी होती. ती वाचून ते टेबलावर डोकं ठेवून रडले.

तीन वाजता पाळी सुटताना सगळे टेबलाभोवती जमले होते. रेश्मा आली.

“तुमचं नाव होतं, वहिनी,” इनामदार म्हणाले. “‘रेश्मा जेवायची थांबली असंल.’ हे शेवटचं.”

ती मटकन बाकावर बसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, “आन् त्याच्या आधी?”

आधी काहीच नव्हतं, असं सांगून टाकायचं, की झालं. तिला तेवढंच सुख. इनामदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलेल्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली.

फलकावर ओळ उमटली : ‘त्याला मीच गप्प केलं.’

रेश्मा एकेक अक्षर लावून वाचत होती. तिचं वाचून होण्याआधीच खाली दुसरी आली. ‘अस्तर गेलेलं मला माहीत होतं.’ मग तिसरी. ‘काटा मीपण बघितला होता.’ मग ओळींवर ओळी. एकाचेही ओठ हलत नव्हते. एकाने घाईघाईने गळ्याची पट्टी ओढून काढली, पण त्याचं वाक्य तोवर भिंतीवर गेलं होतं.

“पहिली ओळ माझी आहे,” इनामदार म्हणाले. “अस्तर गेल्याचं तो सांगायला आला होता, वहिनी. मी ऐकून घेतलं नाही.”

त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. दुसरी ओळ माझी, असं कुणी म्हणालं नाही.

रेश्माने बोट रोखून ओळी मोजल्या. अकरा. मग स्वतःच्या गळ्याची पट्टी सोडवून तिने टेबलावर ठेवली.

“आता समदे पट्ट्या काढा,” ती म्हणाली, “आन् माझ्याकडं बघून सांगा. उद्या एक नंबरच्या भट्टीचा काटा चढला, तर तुमच्यातला कोण वरडंल?”