पायमोज्यांनी चालायचा चंद्र

चंद्रावर चालायचं तर बूट दाराशी काढावे लागत. हॅम्प्टनच्या अंतराळ केंद्रातल्या त्या दालनाचा तसा नियमच होता. यानाने चंद्राभोवती फिरत टिपलेली छायाचित्रं पट्ट्यापट्ट्यांनी येत. त्या जोडून जमिनीवर अंथरायच्या आणि पायमोज्यांनी वर फिरत, पुढे माणसं उतरतील अशी सपाट जागा शोधायची. व्हर्ना प्रुइट हे काम जीव ओतून करी. घरी जाऊन तरी करायचं काय? एल्डनला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने कसेही भिरकावलेले बूट उचलून, तोंडं बाहेरच्या बाजूला करून जोडीने लावणारा नवरा आता नव्हता.

एका टेकडीच्या उतारावर तिला रेघ दिसली. दगड घरंगळला की अशी रेघ उमटते. पण ही चढावर गेली होती.

"फिल्मवरचा डाग," साहेब क्लाइड वाकून म्हणाला. "खेकडे खाऊन हात न धुताच बसलीस वाटतं!"

"माझे हात स्वच्छ आहेत. नीट बघ. एक ठिपका, मग फरपट. ठिपका, फरपट."

क्लाइडचं हसू मावळलं. एल्डन डावा पाय ओढत चालायचा, हे त्यालाही ठाऊक होतं.

"अगं बाई, ब्रश घे आणि पुसून टाक. नाहीतर चांगली जागा हकनाक बाद होईल."

तिचा हात धजेना. चंद्रावर का होईना, एल्डन कुठेतरी होता, आणि तिच्यापासून लांब लांब चालला होता. तिला रडूच आलं. आसपास कुणी नाही असं पाहून ती गुडघ्यांवर बसली.

"एल्डन, पुरे झालं आता. घरी ये."

पुढच्या यानाने तीच जागा पुन्हा टिपली. रेघ टेकडीवरून वळून खाली उतरली होती.

"हे शेवटचं चित्र," पट्ट्या देताना क्लाइड म्हणाला. "फिल्म संपली. आता यान चंद्रावरच आपटून टाकणार." रेघेकडे त्याने पाहायचं टाळलं. "मी कॉफी घेऊन येतो."

खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. व्हर्नाने उरलेल्या पट्ट्या अंथरल्या आणि रेघेच्या बाजूबाजूने चालत गेली. ठिपका, फरपट. रेघ मैदान ओलांडून दाराकडच्या कडेपर्यंत आली.

तिथे कागद संपला.

"एल्डन?"



तिने दाराकडे पाहिलं. सकाळी घाईत भिरकावलेले तिचे बूट जोडीने लावलेले होते, तोंडं बाहेरच्या बाजूला. नाड्यांवर बारीक राखाडी धूळ होती.