डक्टच्या दारावरचं वजन

गोंदिया जिल्हा अलग झाल्यावर पवनीच्या रस्त्यावर एक राइस मिल उभी झाली, तिथली ही गोष्ट. भरदुपारची वेळ. फिटर सेवकराम डक्ट साफ करायले आलता. डक्ट म्हणजे कोंडा ओढून नेणारा पत्र्याचा बोगदा, माणूस रांगत जाईन एवढा. आत शिरणार होता त्याचा साळा, टेकचंद.

याच डक्टमंधी मागच्या साली खुशाल नावाचा मजूर मेला. तो आत, अन् कोणं तरी पंखा सुरू केला. हवेच्या ओढीनं दार असं चिकटलं का त्याले आतून ढकलवलंच नाही. तवापासून मिलीत रिवाज पडला: आत माणूस, तं पंख्याचा फ्यूज बाहेरच्याच्या खिशात.

फ्यूज सेवकरामच्या खिशात होता. पंखा ठप्प. तरी टेकचंदच्यानं दार उघडेना.

"जोर लाव ना बे! भात खाऊन आला का नुसती पेज पेऊन?"

"लावूनच राहिलो, भाऊजी. आतून कोणी..."

"चूप!"

हवेची ओढ मापाले डक्टले कुंकू घोळलेल्या पाण्याची वाकडी नळी लावून होती. पंखा बंद, तं दोन्हीकडचं पाणी बरोबरीत पायजे. इथं एकीकडं अर्धी वीत चढून होतं. तेवढं पाणी दारावर भरलं समजा, त्याचं जे वजन, तेवढी हवेची ओढ. सेवकरामनं हातानं दार मापलं, अन् मनात वजन धरलं. एका सुकड्या माणसाचं वजन. मागच्या साली तेवढंच त्यानं याच दारातून बाहेर ओढलं होतं.

"वाऱ्यानं असन, भाऊजी..."

बाहेर पिंपळाचं पान हलत नव्हतं.

तेवढ्यात लाइन गेली. मिल सुनसान झाली. मंग मागं जनरेटर धडधडला, अन् फ्यूज खिशातच असताना पंखा घरघर फिराले लागला! पत्रा थरथरला. सेवकराम धावत गेला, जनरेटर बंद केला, अन् मिलचालक घनश्यामची कॉलर धरली.

"कोणत्या गाढवानं जोडलं हे?"

"म्याच... लाइन गेली तं पंखा थांबू नये म्हणून. तार फ्यूज सोडून सीधी पंख्याले जोडली. ध्यानातच नाही आलं, सेवकभाऊ..."

दार उघडलं असतं, तं टेकचंद आत असता.

सेवकरामनं तार उपटून फेकली. वापस येऊन दाराले बोट लावलं. दार अलगद उघडलं. आत काळा कोंडा, दुसरं काही नाही. जनमभर तोंडात शिवी असलेला माणूस, त्यानं गुपचूप हात जोडले.

"भाऊजी... जाऊ का आता?"

सेवकरामनं नळीकडं पायलं. दार सताड उघडं, आतबाहेर एकच हवा. ओढ राहाची कशी?

लाल पाणी अर्धी वीत चढूनच होतं. अन् दोघंही पाहून राहिले, तं हळूहळू, बोटभर अजून वर सरकलं.