जाड्याच्या पावलांनी

आमची पहिली भेट झाली ती बुटावरून भांडताना.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत जुन्या चपला-बुटांचा ढीग होता. मी एका लष्करी बुटाला हात घातला, तर पलीकडून कुणीतरी त्याची नाडी ओढत होतं. वर पाहिलं… उंच, सडपातळ, आणि डोळ्यांत हसू दाबलेलं.

"हा माझा," मी म्हणाले.

"नऊ नंबर? तुम्हाला?"

"मला जाड्याचं चालणं करायचंय!"

तुम्ही म्हणाल, ही काय बडबडतेय! सांगते. युद्धाच्या काळातला एक जुना विनोदी पिक्चर होता. एक जाड्या, एक सुकड्या. दोघं चुकून सैन्यात भरती होतात आणि शत्रूला सोडून आपल्याच सार्जंटला खड्ड्यात पाडत सुटतात. त्यातले संवाद शाबूत होते, बाकीचे आवाज पार गेलेले. ते आम्ही नव्याने करत होतो. पडद्याकडे बघायचं आणि माइकसमोर त्यांच्यासारखं चालायचं, आपटायचं, धडपडायचं. मी अंगानं काडी, पण टाच अशी टेकवते की जमीन हादरावी. म्हणून जाड्या माझ्याकडे आणि सुकड्या त्याच्याकडे.

पहिला आठवडा काय सांगू! रस्त्याच्या आवाजासाठी ठेवलेल्या खडीच्या पेटीत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे. जाड्या पडला की मी वाळूचं पोतं आपटायचे. सुकड्या त्याला उठवायला हात द्यायचा, की हाही मला हात द्यायचा. हाताचा काही आवाज होत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. मीही कधी बोलले नाही.

आणि मग ती आली. सँडलवाली.

पिक्चरमध्ये छावणीतली एक गायिका होती, उंच टाचांवर टकटक चालणारी. "माझ्या ओळखीची एक नर्तिका आहे, झकास चालते," असं म्हणून यानंच तिला आणलं. ती पाच जोड सँडल घेऊन आली आणि याच्या प्रत्येक वाक्याला खिदळायला लागली. एवढं काय हसायचं? तो बोलतो तरी काय असं? पडद्यावर सुकड्या आणि गायिका बागेत फिरत होते, आणि इथे हे दोघं फरशीवर! मी कोपऱ्यात बसून बघत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट काका ओरडले, "अहो बाई! जाड्या आत्ता झोपलेल्या सार्जंटच्या खाटेजवळून चवड्यांवर चाललाय. तुमच्या पावलांनी अख्खी पलटण उठेल की!"

सँडलवाली खिदळली. तोही हसला. मला तिथेच रडू येईल असं वाटलं.

शेवटचा दिवस उजाडला. युद्ध संपतं आणि जाड्या-सुकड्या घरी निघतात, एवढाच प्रसंग उरला होता. तो झाला की मी माझ्या वाटेनं, तो त्याच्या. मी बूट काढून त्याच्यासमोर ठेवले.

"हे तिलाच द्या. नाहीतरी तुम्हाला तिच्याबरोबरच चालायचं होतं."

"मी तिला का आणलं, माहितीये?"

"मला काय करायचंय!"

"काका गायिकेचं काम तुम्हाला देणार होते. मग जाड्यासाठी दुसरा कुणी आला असता." त्यानं बूट माझ्याकडे परत सरकवले. "गायिका सुकड्याबरोबर किती वेळ असते, मी बघितलं. सात मिनिटं. आणि जाड्या… अख्खा पिक्चर."

मी बूट पुन्हा हातात घेतले.

"मला सात मिनिटं पुरली नसती," तो हळूच म्हणाला.

"मग हे आधी सांगायला तोंडाला कुलूप होतं?"

"सांगणार होतो. पण तुम्ही रागावून पाय आपटायला लागलात आणि… मला फार बरं वाटलं. माझ्यासाठी आजवर कुणी एवढं जळलं नव्हतं."

"जळले! चांगली खरपूस जळले! झालं समाधान? दोन आठवडे धड झोपले नाही मी. आवडतोस तू मला, मेल्या, कळत नाही?"

बोलून गेले आणि कानशिलं तापली. काका काचेपलीकडे उगाचच बटणं पुसत होते.

"संध्याकाळी चालायला येशील?" त्यानं विचारलं. "जाड्या नको, सुकड्या नको. आपलेच पाय."

"येईन," मी बूट परत घालत म्हणाले. "पण आपण दोघंच. ती 'मीही येते' म्हणाली आणि तू 'चल' म्हणालास, तर तुझ्या पायावर पाय देईन. आणि मी पाय कसा देते, हे तुला चांगलं माहीत आहे!"