बोर्गनीच्या थांब्यावर

कॉफी ओतून घे. सांगते.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. दुपारचीच वेळ होती, पण त्या दिवसांत इतक्या उत्तरेला, आमच्या ट्रोम्सोत, सूर्य उगवतच नाही. डोंगरामागं जरासा निळा उजेड येतो आणि तासाभरात विझतो. पूल ओलांडायचा, खाडीच्या काठाकाठानं शेवटच्या वस्तीपर्यंत बस न्यायची आणि परत आणायची, एवढीच माझी फेरी. थंडी उणे सतरावर गेली होती. खाडीच्या पाण्यावरून वाफा निघत होत्या.

बस नवी, बॅटरीवर चालणारी. डिझेलची घरघर गेली आणि रस्ता एकदम मुका झाला. कधी नव्हे ते मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

बसमध्ये माझी रोजची प्रवासी, एकटी बोर्गनी आजी उरली होती. काठी सीटला टेकवून तिची बडबड चालू होती.

"ओशिल्ड, ही तुझी बस म्हणजे शवपेटी गं बाई. आवाज नाही, ऊब नाही!"

"ऊब लावली तर बॅटरी संपते, आजी. मग ढकलायला उतराल का?"

"मी ढकलीन. तू आधी नवरा शोध, सहा वर्षं झाली भिंतींशी बोलतेस."

हसत हसतच ती तिच्या थांब्यावर उतरली. मी पुढं गेले.

शेवटच्या थांब्यावर बॅटरी भरायला बसच्या छतावर उतरतो तो चार्जरचा दांडा बर्फानं जखडला होता. खूप वाट पाहिली, तो हलेना. रेडिओवर यूस्टाइन होता, आमचा कंट्रोलवाला.

"हीटर बंद कर, दिवे कमी कर, आणि कुठं न थांबता सरळ ये. पुलापर्यंत पोचलीस तरी खूप झालं."

निघाले. काचांवर आतूनच बर्फ धरू लागला. बसमध्ये कुणी नव्हतं. बाहेर ना दिवा, ना गाडी. टायरखाली बर्फ चुरडल्याचा तेवढा आवाज...

आणि घंटी वाजली. थांबा हवा, म्हणून प्रवासी वाजवतात ती.

आरशात पाहिलं. सगळ्या सीट रिकाम्या. थंडीनं वायर आखडली असेल, असं मनाशी म्हटलं, पण पाय आपसूक ब्रेकवर गेला. बोर्गनीचाच थांबा होता.

दार उघडलं. दिव्याच्या उजेडात आधी तिची काठी दिसली, मग ती. उतरल्या जागीच घसरून पडली होती. ओठ निळे, पापण्यांवर बर्फ. मी तिच्या काखेत हात घातले.

"थांब..." ती पुटपुटली. "त्याला आधी चढू दे."

"कुणाला?"

ती माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. माझ्या पाठीमागं बसनं सुस्कारा टाकला आणि ती किंचित दबली, जड माणूस पायरीवर चढला की दबते तशी. मला ओल्या लोकरीचा वास आला. मी वळून पाहिलं नाही. नाही धजले.

आजीला कशीबशी आत घेतली, माझा कोट तिच्यावर घातला आणि हीटर पूर्ण लावला. पुलापर्यंत पोचणार नाही, हे कळत होतं. पण ऊब न देता नेली असती तर मढंच पोचवलं असतं. रेडिओवर कळवलं, तशी यूस्टाइननं अॅम्ब्युलन्स पुलावरून पुढं पाठवली.

पुढचा रस्ता मला नीट आठवत नाही. स्क्रीनवरचा बॅटरीचा आकडा उतरताना आठवतो. समोर निळे दिवे दिसले आणि बस तिथंच विझली. आजी वाचली.

दोन दिवसांनी इस्पितळात भेटायला गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जीभ शाबूत होती.

"त्याला नीट पोचवलंस ना?"

"कुणाला, आजी?"

"तोच, माझ्यापाशी बर्फात बसून होता तो. नंतर तुझ्या मागच्या सीटवर बसला. सबंध रस्ता बोलत होतात दोघं."

"मी... मी तर कुणाशीच बोलले नाही."

"वा! हसत काय होतीस, लाजत काय होतीस. तुझं घर कुठलं ते सांगितलंस त्याला. किल्ली कुठं ठेवतेस, तेसुद्धा..."

तिची उशी सारखी केली आणि निघाले.

घराशी पोचले तेव्हा पायऱ्यांवरचा बर्फ फावड्यानं काढून कडेला नीट रचलेला होता. सरपणाच्या खोपटात हात घालून पाहिला. खिळ्यावर किल्ली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि फटीतून ऊब येत होती. मी तर त्या सकाळी शेगडी पेटवलीच नव्हती.

शेजारच्यांना हाक मारायला हवी होती. कळत होतं मला. उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिले.

मग बूट झटकले, आत गेले, आणि दाराला आतून कडी घातली.