रातवा आणि रिमार्केबल

आमच्या अभयारण्याच्या गेटवर जोड्या नंबरानं जुळतात. पाटीवर एकीकडे गाइड, दुसरीकडे जिप्सीचे ड्रायव्हर. ज्याच्यासमोर ज्याचा नंबर आला, त्या दोघांनी पाहुण्यांना घेऊन जंगलात जायचं. त्या थंडीत एका सकाळी माझ्या नावासमोर संघदीप आला. मफलरमध्ये निम्मा बुडालेला, पांढरकवड्याचा, अबोल. मी म्हटलं, असू दे, गाडी तरी नीट चालवतो.

गाइडनं जंगलात ओरडायचं नसतं. काही दिसलं, की ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट ठेवायचं, गाडी थांबते. बोट उचललं, की पुढे.

तेव्हा आमचं ट्रेनिंग नुकतंच झालं होतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मोरालाही नाइस म्हणता आणि अस्वलालाही नाइस. मग पाहुण्यानं नेमकं काय बघावं?" त्यांनी नवे शब्द दिले. स्ट्रायकिंग, अनयुज्वल... आणि रिमार्केबल, म्हणजे मुद्दाम कुणाला तरी सांगावं असं. हा शब्द मला इतका आवडला, की मी तो नीलगाईपासून वारुळापर्यंत दिसेल त्याला चिकटवत सुटले.

"रिमार्केबल रोही, रिमार्केबल वारूळ," संघदीप समोर बघतच पुटपुटला. "आता गेटवरच्या संडासालेही म्हणजो."

"तुले काहून त्रास होऊन राह्यला?"

"त्रास नाई वं. पण समद्यायले तोच शब्द देल्ला, तं... मले कोणता उरन?"

माझे कान तापले. अशा वेळी माझं डोकं नेहमी उलटंच चालतं.

"ऑर्डिनरी," मी म्हटलं.

तो हसला खरा, पण मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

त्यानंतरही फिरून फिरून माझ्यासमोर त्याचाच नंबर यायचा. मला वाटायचं, योगायोग. मनातून बरंही वाटायचं, पण ते मी स्वतःलासुद्धा सांगत नव्हते.

मे महिन्यात एकदा त्यानंच गाडी थांबवली. सागाच्या पाचोळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पाह्य."

"काय? पाचोळाच तं हाये."

"नीट पाह्य ना..."

पाचोळ्यातला एक डोळा किंचित उघडला. रातवा! पानांच्याच रंगाचा पक्षी, पानांवर गप्प बसलेला. मी रोज त्याच वाटेनं जात होते आणि मला तो कधी दिसला नव्हता.

"रोज अठीच बसते तो," संघदीप हळू आवाजात म्हणाला. "कोणी पाह्यत नाई म्हणून ऑर्डिनरी झाला का?"

म्हणजे तो शब्द त्यानं इतके दिवस जपून ठेवला होता. मला माफी मागायची होती. मागितली नाही.

मग जून आला. पावसाळ्यासाठी गेट बंद होण्याचा दिवस. सकाळी चहा देताना गेटवरच्या टपरीवाल्या कांताबाईनं विचारलं, "तुह्या ड्रायव्हरनं सांगतलं का तुले? नागपूरले कंपनीच्या गाडीवर चालला. मामानं लावून देल्लं. हौ का नाई, ते आजच कळवाचं हाये त्याले."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"अन् तुले काय वाटलं, नंबर आपोआप येते? दर खेपी शाम ड्रायव्हरच्या नाईतं दुसऱ्या कोनाच्या हातापाया पडून बदलून घेते तो. समद्या गेटले माहीत हाये, तू सोडून."

आधी मला स्वतःचाच राग आला. दुनियेला दुर्बीण देऊन पक्षी दाखवणारी मी, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस मला दिसू नये?

शेवटच्या फेरीला हैदराबादचे पाहुणे होते. वाघ दिसला नव्हता. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, या सीझनमध्ये तुला सगळ्यात रिमार्केबल काय दिसलं?

मी संघदीपच्या खांद्यावर बोट ठेवलं.

गाडी थांबली. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, झाडांवर पाहिलं.

"काय दिसलं?" तो कुजबुजला.

"तू."

त्यानं इंजिन बंद केलं. मागे पाहुणे धडपडत उभे राहिले, कॅमेरे बाहेर आले.

"ऑर्डिनरीसाठी गाडी थांबवते का कोणी?" तो समोर बघतच म्हणाला.

"खोटं बोलली व्हती मी. मले तू आवडतं, संघदीप. नको जाऊ नागपूरले."

"टायगर?" बाईंनी श्वास रोखून विचारलं.

तो वळला. सगळ्या सीझनमध्ये पाहुण्यांशी एक अक्षर न बोललेला संघदीप म्हणाला, "नो, मॅडम... रिमार्केबल."

मग माझ्याकडे झुकून, "गेटवर रेंज आली का, मामाले नाई म्हणतो. आता बोट उचल, सुरभे. पाहुणे वाट पाह्यतेत."

"पाहू दे," मी म्हटलं, आणि बोट तिथंच ठेवलं.