तळाचे लाकूड

कासवदुर्गावर पहाट झाली ती तोफेच्या आवाजाने, आणि रोजच्याप्रमाणे कोणी दचकले नाही. पश्चिमेच्या काळ्या खडकांवर लाटा फुटत होत्या, तटाच्या चिऱ्यांवर शेवाळ चमकत होते, खाऱ्या वाऱ्याने अर्धे कुरतडलेले निशाण उरलेल्या अर्ध्यानिशी फडकत होते. आणि खाडीच्या तोंडाशी टोपीकरांची सात जहाजे, लग्न उरकले तरी जायचे नाव न काढणाऱ्या पाहुण्यांसारखी, चार महिन्यांपूर्वी जिथे नांगरली होती तिथेच उभी होती.

धक्क्यालगतच्या छपरीत गडाचा सुतार नागू मेस्त आंब्याच्या फळीवरून चाललेली मुंग्यांची रांग पाहत बसला होता.

गडाची सगळी गलबते नागूने बांधली होती आणि त्यातली बहुतेक टोपीकरांनी बुडवली होती. उरले होते एकच, ‘चांदणी’. तिचा तळ दर्यातल्या किडीने इतका पोखरला होता की बोटाने दाबला तर बोट आत जाई. इकडे गडावरची तोफांची दारू संपत आली होती. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यातून ती आणायची तर चार दिवसांत चांदणीला नवा तळ हवा होता. गडाचे सबनीस त्र्यंबकपंत कामात मोठे तत्पर. त्यांनी कोठीतून आंब्याच्या फळ्या कापून, घासून, तेल लावून तयारच पाठवल्या होत्या.

अशाच फळ्या वेढा पडला त्या आठवड्यातही आल्या होत्या. त्या तळाचे गलबत मदतीचे पत्र घेऊन निघाले आणि वारा नाही, लाट नाही, अशा पाण्यात अर्ध्या वाटेवर अकरा माणसांसकट खाली गेले. गडाचा रिवाज असा, की तळाचे लाकूड ज्याने निवडले त्याने पहिल्या फेरीला तळावर मांडी घालून बसायचे, पंजा फळीवर ठेवायचा आणि पाणी आले तर ते सर्वांत आधी आपल्या हाताला कळू द्यायचे. लाकूड पंतांनी निवडले होते. पण त्या दिवशी पंतांचे नेमके कसले तरी व्रत निघाले, आणि त्यांच्या जागी नागूचा धाकटा भाऊ गोंदजी बसला.

सांधे नागूने भरले होते, खिळे नागूने ठोकले होते. तेव्हा चूक आपली, एवढा हिशेब त्याने केला, आणि त्यानंतर त्याला काही वाटेनासे झाले. भाकरी खाल्ली की पोट भरे, उन्हात बसले की अंग तापे. त्यापलीकडे आत काही हलत नसे. शेजारचा बुरूज ढासळला तेव्हा त्याने मान वळवून पाहिले आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

आता त्याने पटाशीचे टोक मुंग्यांच्या रांगेच्या शेवटी टोचले. करंगळीएवढे भोक निघाले. भोकात काळसर चिकट लगदा होता. त्याने जिभेला लावून पाहिला.

गूळ. गूळ आणि लाकडाचा भुसा. खाऱ्या पाण्यात घटकाभरात विरघळणारा.

एका फळीत अशी नऊ भोके होती. नागूने ती सावकाश मोजली, पटाशी पुसून कमरेला खोवली. सुताराने सबनिसावर तोंडी आरोप केला आणि तो खरा ठरला नाही, तर सुताराचा उजवा हात तोडायचा, हाही गडाचा एक रिवाजच होता. त्याने उजव्या हाताकडे पाहिले. मग एक फळी खांद्यावर टाकून तो सदरेकडे चालू लागला.

सदरेवर तळाच्या लाकडाचाच खल चालू होता. किल्लेदार हैबतराव सागवानी तक्तपोशीवर, म्हणजे जाड फळ्यांच्या उंच बैठकीवर, गादी टाकून बसले होते. डाव्या हाताला पंत. समोर चांदणीचा तांडेल दाऊद, टोपी काखेत घेऊन उभा.

“फणस घ्या,” हैबतराव म्हणाले. “देवळाचे खांब फणसाचे आहेत.”

“खांब काढल्यावर देवाने कुठे जायचे, सरकार?” पंत नम्रपणे म्हणाले.

“मग कोठीच्या तुळया. ऐनाच्या आहेत ना?”

“तुळया काढल्या तर छप्पर धान्यावर येईल. शिवाय ऐन जड. सेवकाचे म्हणणे एकच, आंबा हलका आहे, तयार आहे. फेरी एकच करायची. आंबा एका फेरीला पुरून उरतो.”

दाऊद तांडेल पुटपुटला, “मागल्या खेपेला अर्ध्या फेरीला पुरला.”

“काय म्हणालास?”

“काही नाही, पंत. दर्याला म्हणालो.”

हैबतरावांचे लक्ष दाराशी गेले. “नागू, तू बोल. तुझा जन्म लाकडात गेला.”

नागूने फळी खाली ठेवून मुजरा केला. “सरकार, तळाला सागवानच. त्याच्या अंगात तेल असतं, कीड वर्षानुवर्षं तोंड लावत नाही. गडावर पिकलेलं सागवान एकच ठिकाणी आहे.”

“कुठे?”

“सरकार बसलेत तिथे.”

सगळ्यांच्या नजरा गादीखाली गेल्या. तक्तपोशी पाच पिढ्यांची होती. तिच्यावर बसूनच मसलती होत, शिक्षा फर्मावल्या जात, आणि ती नसेल तर किल्लेदार आणि इतर माणसे यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न बऱ्याच जणांना एकदमच पडला.

“बेअदबी!” पंत कडाडले. “सुतारा, किल्लेदारांनी काय जमिनीवर बसावे? सरकार, आंबाच.”

“जी,” नागू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पडला नाही. “आंबा तर आंबा. निवड पंतांची. सगळ्या सदरेने ऐकली. रिवाजाप्रमाणे पहिल्या फेरीला तळावर पंतांनी बसावं.”

पंतांनी पोट धरले. “आमचा पोटशूळ...”

“मागल्या खेपेला व्रत होतं,” नागू म्हणाला.

“दर्याची हवा पोटाला चांगली,” दाऊदने भर घातली. “मी सांभाळून नेईन.”

“सबनिसाने फेरीला जायचे, तर गडाचा कारभार पाहायचा कोणी?”

“एका दिवसाचा कारभार मी पाहीन,” हैबतराव पुढे झुकून म्हणाले. “पंत, आंबा एका फेरीला पुरतो ना? आत्ताच म्हणालात. मग बसा की.”

पंत बसेनात आणि उठेनात. शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणाले, “विचारांती... सागवानच बरे वाटते, सरकार.”

तेव्हा नागूने फळी उलटी केली, पटाशीने एकामागून एक नऊ भोके उकलली आणि काळ्या लगद्याचा खडा हैबतरावांपुढे धरला. “सरकार, चाखून बघावं.”

हैबतरावांनी चाखला. गडावर महिनाभर कोणी गूळ पाहिला नव्हता. तो संपला असे कोठीची किल्ली कमरेला बाळगणाऱ्या पंतांनीच जाहीर केले होते. शत्रूने आपल्याला गाव इनाम कबूल केले होते, हे पंतांनी पुढे रडत सांगितले. पण त्यांना धरून नेताना शिबंदी जी खवळली ती फितुरीपेक्षा गुळावरूनच. एक हवालदार तर फळी हुंगून अक्षरशः रडला.

हैबतरावांनी बोट पुसले. मग उठले, गादी काखेत मारली आणि तक्तपोशीवरून खाली उतरले.

“काढ,” म्हणाले.

चौथ्या दिवशी भर दुपारी, टोपीकरांच्या जेवणाच्या वेळेला, ओहोटीच्या उथळ पाण्यात चांदणी खडकांमधून बाहेर पडली. तळावर नागू बसला होता, कारण निवड त्याची होती. डोक्यावरून दोन गोळे गेले, तिसऱ्याने शीड फाडले, दाऊदने टोपीकरांच्या आयांचा उद्धार केला. नागूचा पंजा फळीवर होता आणि फळी कोरडी होती. संध्याकाळच्या भरतीबरोबर चांदणी दारूची चाळीस पिंपे घेऊन परतली. नागू उतरला, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याला काही वाटले नाही. फक्त पाय अवघडले होते.

सतराव्या दिवशी वेढा उठला. पंतांना त्यांच्याच फळ्यांची होडी करून तिच्यात बसवावे, अशी मागणी होती. हैबतरावांनी त्यांना बेड्या घालून मुलखाबाहेर हाकलले. चांदणीचा तळ चांदणीलाच राहिला. हैबतराव चटईवर बसून कारभार पाहत आणि गुडघे दुखतात म्हणून सर्वांवर खेकसत. शेवटी त्यांनी नागूला बोलावले.

“नवी तक्तपोशी कशाची करावी?”

“आंब्याची चालेल, सरकार. सदर कुठे पाण्यात जायचीय.”

महिन्याभरात ती झाली. सगळे मानकरी जमले, गादी आणली गेली. हैबतराव चढायला निघाले आणि थांबले.

“लाकूड कोणी निवडले?”

“मी, सरकार.”

“मग रिवाज काय आहे?”

नागू घुटमळला. मग पागोटे सारखे करून वर चढला आणि मांडी घालून बसला. सगळी सदर, किल्लेदारांसकट, त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने सवयीने पंजा फळीवर टेकवला. गोंदजीने असाच टेकवला असेल. त्याच्या हाताला पाणी आधी कळले असेल, आणि ते कुठून येते आहे हे मात्र कळले नसेल. सांधे चांगले भरले होते. सांधे पहिल्यापासून चांगलेच होते.

थोड्या वेळाने नागूच्या पंजाला ओल लागली. त्याने सांधा चाचपला, कोरडा होता. वर पाहिले, छप्परही कुठे गळत नव्हते.